मोबाइल धड्यासाठी उघडला, तर बिघडले कुठे?

‘पर्यावरण हा मोबाइलवर शिकवण्याचा विषय नव्हे’ हे पत्र वाचले. मुलांच्या डोळ्यांपुढे पडदा फार, हे शिक्षिका म्हणून मलाही मान्य. पण पत्रलेखकांनी सुचवलेली निसर्गसहल निघते ती डिझेलच्या बसनेच, त्याचे काय?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ ॲप हवेचे ताजे आकडे फुकट दाखवते. सहावीच्या वर्गात त्यासाठी माझा एकच मोबाइल पुरतो. मग शाळा सुटायच्या वेळी मुले फाटकाशी उभी राहून दुचाक्या, रिक्षा, पीएमपीच्या बस मोजतात; वहीत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. न्यायला आलेल्या पालकांच्या कोणत्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या, तेही पोरांनी टिपले. (त्यातली एक आमच्या यजमानांची!)

पीएम २.५ कणांची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१पासून १५, हे नेटवर शोधताना मुलांनाच सापडले. ‘बाई, मग आपली फुफ्फुसं वेगळी असतात का?’ एकीने विचारले. पत्रलेखकांनी या प्रश्नाचे उत्तर कळवावे. मी वर्गात वाचून दाखवीन.

– एक शिक्षिका, पुणे