बिघाड गृहीत धरणारे यंत्र

कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी १९५०च्या दशकात बनलेले फेंडर कंपनीचे गिटार अ‍ॅम्प्लिफायर आजही मैफलींत आणि स्टुडिओंत वाजतात. विजेवर चालणारी आणि सत्तरीला टेकूनही कामावर असलेली आणखी कोणती उपकरणे आहेत, असे विचारले तर छताच्या पंख्यापलीकडे फारशी नावे सुचत नाहीत. या दीर्घायुष्याचे श्रेय सहसा जुन्या काळच्या भक्कम कामाला दिले जाते. ते मला पटत नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मुळात नाजूक असतो. काचेच्या नळीत निर्वात पोकळी, तिच्यात लाल तापलेली फिलामेंट आणि प्लेटवर तीनशे ते पाचशे व्होल्टचा दाब. असा व्हॉल्व्ह झिजणारच. आउटपुटचे व्हॉल्व्ह तर नियमित वाजवणाऱ्याला दर काही वर्षांनी बदलावेच लागतात. तरी यंत्र टिकले, कारण ते बिघडणार हे बनवणाऱ्याने आधीच मान्य केले होते. दुरुस्तीच्या हक्काची धोरणे आपल्याकडे आखली जात असताना भक्कमपणा आणि दुरुस्तीयोग्यता यांतला हा फरक धोरणकर्त्यांनी लक्षात घ्यायला हवा.

लिओ फेंडर हे आधी रेडिओ दुरुस्त करणारे होते. १९३८ साली त्यांनी फुलरटनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले आणि पुढे जे अ‍ॅम्प्लिफायर बनवले, त्यांवर दुरुस्ती करणाऱ्याची नजर स्पष्ट दिसते. व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये बसवलेले, म्हणजे डाख न काढता हाताने ओढून बदलता येणारे. कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो, हे सांगणारा कागद पेटीच्या आतच चिकटवलेला. मागची फळी काढून सांगाडा उलटा केला, की बहुतेक कंडेन्सर आणि रेझिस्टन्स एका पाटीवर ओळीने मांडलेले, एकेक वेगळा मोजता येईल असे. त्यामुळे दोष शोधायला तर्क चालवता येतो. स्पीकरमधून सतत गुणगुण येते आहे? आपल्याकडच्या विजेवर तिचा स्वर ५० हर्ट्झचा असेल तर संशय फिलामेंटच्या वायरिंगवर किंवा अर्थिंगवर घ्यायचा. १०० हर्ट्झचा असेल तर वीजपुरवठ्यातले मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळले असण्याची शक्यता जास्त. ते पंधरावीस वर्षांत वाळतातच, आणि ते बदलणे ही दुरुस्ती नव्हे, देखभाल आहे. आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल होऊ लागली, तर बहुधा आधीच्या टप्प्यातला कपलिंग कंडेन्सर गळतो आहे आणि त्यातून ग्रिडवर नको तो दाब पोहोचतो आहे, किंवा बायसचा, म्हणजे ग्रिड ऋण ठेवणाऱ्या दाबाचा, पुरवठा गेला आहे. ईएल३४ या व्हॉल्व्हची प्लेट २५ वॉट उष्णता सोसते. स्वस्थ अवस्थेत ती या मर्यादेच्या साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवण्याचा प्रघात आहे. मल्टिमीटर लावून दोन मापे घेतली की हा हिशेब कागदावर करता येतो. यंत्राची प्रत्येक तक्रार अशी एका विशिष्ट भागापर्यंत नेता येते आणि बदलावा लागतो तो तेवढाच भाग.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की चांगली यंत्रे उरली आणि वाईट भंगारात गेली. उरलेल्यांवरून निष्कर्ष काढणे चूक आहे. आक्षेप रास्त आहे, पण पुराव्यापुढे तो पुरता टिकत नाही. अमेरिकेत सिअर्स कंपनी कॅटलॉगमधून सिल्व्हरटोन नावाचे स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर विकत असे. नवशिक्यांसाठी बनलेले, काटकसरीने बांधलेले हे यंत्रही आज दुरुस्त होऊन वाजते. शिवाय जे अ‍ॅम्प्लिफायर उरले, ते न उघडता उरलेले नाहीत. साठ वर्षांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कंडेन्सर एकदा तरी बदललेले असतात, व्हॉल्व्ह कितीदा तरी. तगून राहणे हे इथे वारंवार झालेल्या दुरुस्तीचे फळ आहे, आणि दुरुस्ती होऊ शकली ती मांडणीमुळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तंत्रज्ञान सूक्ष्म झाले, आता डोळ्यांना दिसणारे भाग आणायचे कुठून? मोबाइलमध्ये सॉकेट आणि पाट्या बसवता येणार नाहीत, हे मान्य. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर जेवढा आवाज देतो त्याच्या कितीतरी पट वीज खातो, हेही मान्य. सगळी यंत्रे तशी असावीत असे कुणीच म्हणणार नाही. पण दुरुस्ती अवघड होण्याचे कारण दर वेळी सूक्ष्मता नसते, याचा दाखला याच क्षेत्रात आहे. आजचे अनेक व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर तेच व्हॉल्व्ह आणि जवळपास तेच सर्किट वापरतात, मात्र त्यांची सॉकेट, जॅक आणि आवाज कमीजास्त करण्याची बटणे थेट छापील बोर्डावर डाखलेली असतात. व्हॉल्व्हच्या उष्णतेने बोर्ड तापतो, थंड होतो, पुन्हा तापतो. डाख तडकतात, खरखर सुरू होते आणि एक जॅक बदलायला सगळा बोर्ड उचकटावा लागतो. तंत्रज्ञान तेच जुने आहे. बदलला तो जोडणीच्या मजुरीचा हिशेब. मोबाइलची बॅटरी गोंदाने चिकटवणे किंवा बदललेला सुटा भाग सॉफ्टवेअरने नाकारणे, हेही आकाराच्या सक्तीतून आलेले नाही. ते निर्णय आहेत, आणि निर्णयांना जाब विचारता येतो.

धोक्याचा मुद्दा मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. प्लग काढल्यावरही या यंत्रातले कंडेन्सर जीवघेणा भार धरून ठेवतात. रेझिस्टन्स लावून तो रिकामा करणे, मीटरवर शून्य पाहणे आणि मगच हात घालणे, हा नियम ज्याला ठाऊक नाही त्याने सांगाडा उघडू नये. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्झी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे मंचावर विजेचा धक्का बसून गेला. उपकरणांच्या अर्थिंगमधल्या दोषाने त्याचा बळी घेतला. पण यातून ‘उपकरण बंदच ठेवा’ असा निष्कर्ष निघत नाही. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरना दोन पिनांची वायर असे आणि मेन्सपासून सांगाड्याला जोडलेला एक कंडेन्सर असे. तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांपर्यंत मेन्सची वीज पोहोचू शकते. आज जाणकार कारागीर असा अ‍ॅम्प्लिफायर हाती आला की तो कंडेन्सर काढतो आणि अर्थिंगची तीन पदरी वायर बसवतो. यंत्र अधिक सुरक्षित झाले ते उघडल्यामुळे, सर्किट माहीत असल्यामुळे. धोका जितका मोठा, तितकी माहिती उघड असण्याची गरज मोठी.

राहिला नक्कल होण्याचा धाक. सर्किट जाहीर केले तर प्रतिस्पर्धी ते उचलतील, असे उत्पादक म्हणतात. उचलतात, हे खरे. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बनलेला जेटीएम४५ हा फेंडरच्या बेसमन अ‍ॅम्प्लिफायरच्या सर्किटवरच उभा होता. भाग ब्रिटनमध्ये मिळणारे, स्पीकर वेगळे, म्हणून आवाज वेगळा निघाला आणि रॉक संगीताला स्वतःचा एक नाद मिळाला. फेंडर बुडाली नाही. दोन्ही नावे आज बाजारात आहेत.

या सगळ्याची एक नाजूक बाजू आहे, ती म्हणजे सुटे भाग. गिटार अ‍ॅम्प्लिफायरचे बहुतेक व्हॉल्व्ह आज रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या तीन देशांतल्या मोजक्या कारखान्यांत बनतात. २०२२ साली युक्रेन युद्धामुळे रशियन पुरवठ्याची शाश्वती गेली आणि जगभर व्हॉल्व्हचे भाव चढले. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी हेच व्हॉल्व्ह बनवले होते. आता बनवत नाही. तरीही स्लोव्हाकियात बनलेला ईएल३४ साठ वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश अ‍ॅम्प्लिफायरमध्ये निमूट बसतो, कारण त्याच्या पिनांची रचना सर्वांनी एकच ठेवली. सामाईक मापाचा भाग कुणीही बनवू शकतो, म्हणून मूळ कारखाना बंद पडला तरी यंत्र मरत नाही.

आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. पुढे उपकरणांना दुरुस्तीयोग्यतेचे गुण देण्याचा विचारही सुरू झाला; फ्रान्समध्ये असे गुण २०२१ पासून वस्तूंवर छापले जात आहेत. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांवर रीतसर प्रक्रिया झाली, हे पाहता ही पावले आवश्यकच आहेत. पण सेवा केंद्रांचे पत्ते आणि वॉरंटीच्या अटी जाहीर करण्यावर गुण मिळू लागले, तर हक्क कागदावर राहील. गुण द्यायचे ते तीन गोष्टींना: सर्किटचा नकाशा खुला आहे का, झिजणारा भाग बाकीच्यांना धक्का न लावता निघतो का, आणि तो भाग दुसऱ्या कुणी बनवलेला चालतो का. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात सुटे भाग विकणारी माणसे अजून आहेत. नकाशा मिळाला तर काम करू शकणारे हातही आहेत.