जपानी ‘चमत्कारा’ची किंमत कोणी मोजली?

जपानच्या औद्योगिक प्रगतीचे गोडवे गाताना भांडवली अर्थपंडित एक गोष्ट हमखास सांगतात. तेथील कामगार म्हणे जात्याच शिस्तप्रिय, मालकाला पित्यासमान मानणारा. आणि स्त्री-कामगार तर आज्ञाधारकपणाची मूर्तीच! या भाकडकथेचा समाचार घेणे अगत्याचे आहे. कारण जपानचा दाखला देऊन इतर देशांतील कामगारांचीही मजुरी कापली गेली आहे. १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, तेव्हा जपानी स्पर्धेचाही बाऊ उभा केलाच होता.

१८७२ साली सरकारने तोमिओका येथे रेशीम गिरणी काढली. तेथे सामुराई घराण्यांतील मुली काम शिकावयास आल्या, हे चित्र मोठ्या कौतुकाने दाखविले जाते. खाजगी गिरण्या मात्र गरीब शेतकऱ्यांच्या मुलींच्या बळावर उभ्या राहिल्या. जमीनदाराचा खंड आणि सरकारचा रोख सारा यांखाली पिचलेल्या बापाला गिरणीचा दलाल उचल देई. करारावर शिक्का बापाचा, फेड मुलीच्या श्रमाची. मुलीने राहावयाचे ते गिरणीच्याच वसतिगृहात, कुलपाआड. आज्ञाधारकपणा रक्तातच होता, तर ही कुलपे कोणासाठी होती?

सुवा परिसरातील रेशीम मालकांची वेतनपद्धती तर नमुनेदार होती. मजुरीची एकूण रक्कम मालक आधीच ठरवून ठेवी. मग प्रत्येकीचे काम सरासरीशी ताडून कोणाला बक्षीस, कोणाला दंड. एकीच्या पदरात पडणारा पैसा दुसरीच्या मजुरीतून कापलेला असे. सर्वजणींनी मिळून कितीही उत्तम सूत काढले, तरी बेरीज तीच! शेजारणीलाच शत्रू बनविणाऱ्या या हिशेबाला ‘कौटुंबिक जिव्हाळा’ म्हणावयाचे काय?

सुती गिरण्यांत १८८३ साली सुरू झालेल्या ओसाका कताई कंपनीने रात्रपाळीचा पायंडा पाडला. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. दिवसपाळीची उठली की त्याच अंथरुणात रात्रपाळीची निजे. क्षयाने पोखरलेल्या मुलींना गावी मरावयास धाडले जाई. इशिहारा ओसामु या डॉक्टरने हे वास्तव १९१३ साली चव्हाट्यावर मांडले. त्याआधी, १९११ साली, कारखाना कायदा संमत झाला होता. पण त्याचा अंमल १९१६ साली आला, आणि मालकांच्या दडपणामुळे स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी प्रत्यक्षात यावयास १९२९ साल उजाडले. म्हणजे ओसाकाच्या त्या पहिल्या रात्रीपासून तब्बल शेहेचाळीस वर्षे!

आणि या ‘मुक्या’ मुली खरोखरच मुक्या होत्या काय? जपानी कारखान्यांतील पहिला नोंदलेला संप त्यांचाच. १८८६ साली कोफू येथे मालकांच्या संघाने तास वाढविले, मजुरी घटविली. तेव्हा आमेमिया गिरणीतील शंभरएक स्त्रिया काम टाकून एका मंदिरात जमल्या आणि त्यांनी मालकाला तडजोडीस भाग पाडले. पाठोपाठ शेजारच्या गिरण्यांतही संप पेटले. १९२७ साली ओकाया येथे यामाइची हायाशी गिरण्यांतील हजाराहून अधिक स्त्रिया संघटनेच्या हक्कासाठी उतरल्या. मालकांनी स्वयंपाकघर बंद केले आणि वसतिगृहाची दारे लावून घेतली. या खेपेस मुलींना बाहेर ठेवण्यासाठी. लढा पराभूत झाला, तो भुकेच्या व बेघरपणाच्या बळावर.