इंग्रजी येतं, मग गुण जातात कुठे?

'खालील उतारा वाचा व त्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहा.' ही सूचना न वाचता दहावी पास झालेला माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. उताऱ्याचे गुण म्हणजे हक्काचे गुण. प्रश्नातला एखादा शब्द धरायचा, तो उताऱ्यात कुठे आहे ते बोट फिरवून शोधायचे आणि ते वाक्य जसेच्या तसे उत्तरपत्रिकेत उतरवायचे. मजकूर समजला नाही तरी उत्तर बरोबर येते. हीच मुले पदवीनंतर परदेशी शिक्षणासाठी जीआरईला बसतात आणि तिथेही तशीच बोट फिरवू लागतात. तिथे मात्र हे बोटच घात करते.

सांगलीच्या एका घरातली ही हकिकत. वडील प्राथमिक शिक्षक. मुलगी सातवीपर्यंत मराठी शाळेत, पुढे सेमी-इंग्रजी, मग इंजिनिअरिंग. गणिताची काळजी नव्हतीच. इंग्रजीच्या पहिल्या सराव परीक्षेत तिला 170 पैकी 144 गुण पडले. आईला वाटले, छानच की! तिने शेजारी सांगूनही टाकले. पण या परीक्षेची मोजणीच मुळी 130 पासून सुरू होते. म्हणजे पदरात पडले ते चाळीसपैकी चौदा.

मुलीने मग सगळे करतात तेच केले. शब्दांच्या याद्या पाठ करायला घेतल्या. पूर्वी अमेरिकेला गेलेल्या मावसभावाने आपली जुनी पुस्तके पाठवली होती, त्यांत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्या पानोपानी होत्या. हे दोन्ही प्रकार ऑगस्ट 2011 मध्ये परीक्षेचे स्वरूप बदलले तेव्हाच बंद झाले, हे कळायला तिचे दोन महिने गेले. (जुन्या पुस्तकांतले उतारे मात्र सरावाला अजूनही चांगले आहेत, बाकीची पाने सोडून द्यावीत.) आज इंग्रजीच्या विभागात निम्मे प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि उरलेले संदर्भावरून रिकाम्या जागा भरण्याचे. शब्द हवेतच, पण नुसत्या शब्दांनी भागत नाही.

वेळही फार नाही. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा आटोपशीर झाली आहे, एकूण 1 तास 58 मिनिटांची. इंग्रजीचे दोन भाग असतात. पहिल्यात 18 मिनिटांत 12 प्रश्न, दुसऱ्यात 23 मिनिटांत 15. प्रश्नामागे दीड मिनिट पडते आणि उतारा वाचायचा तोही त्यातच. शिवाय पहिला भाग जसा जाईल त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते.

घात नेमका कसा होतो, ते एका नमुन्यावरून पाहू. समजा, उतारा असा आहे: 'डोंगरावरची झाडे तुटल्यामुळे पायथ्याच्या गावांतल्या विहिरी आटल्या, असे अभ्यासक बराच काळ मानत आले. परंतु ज्या गावांच्या माथ्यावरचे जंगल शाबूत होते, तिथल्या विहिरीही त्याच वर्षांत आटल्या.' प्रश्न: लेखक कोणत्या विधानाशी सहमत होईल? पहिला पर्याय: जंगलाचा आणि विहिरींचा काही संबंध नाही. दुसरा: विहिरी आटण्याचा उलगडा केवळ जंगलतोडीने होत नाही. तिसरा: बोअरवेलच्या अतिरेकाने विहिरी आटल्या.

शेतकऱ्याघरचा मुलगा तिसऱ्यावर खूण करणार. गावात त्याने तेच पाहिलेले असते आणि कदाचित ते खरेही असेल. पण उताऱ्यात बोअरवेलचे नाव तरी आहे का? आपल्या पदरचे ज्ञान इथे चालत नाही. घाईत वाचणारा पहिला पर्याय निवडतो, कारण त्यात 'जंगल' आणि 'विहीर' हे ओळखीचे शब्द आहेत. पण लेखक 'काहीच संबंध नाही' असे कुठे म्हणाला? त्याने एका समजुतीवर शंका घेतली, एवढेच. उत्तर दुसरे. ते मिळमिळीत वाटते, कुणाला भांडायला जागा देत नाही. या परीक्षेत बरोबर उत्तर बहुतेक वेळा असेच असते, सावधपणे बोलणारे. 'नेहमी', 'कधीच नाही', 'एकमेव कारण' असली ठसक्याची विधाने आधी संशयाने पाहावीत.

या दोन वाक्यांत सगळ्यांत मोलाचा शब्द कोणता? 'जंगल' नाही, 'विहीर' नाही. 'परंतु'. लेखकाचे मत बहुधा त्याच्या पलीकडे असते. इंग्रजीत यासाठी हाऊएव्हर, यट, ऑल्दो असे अनेक शब्द येतात आणि मुले ते किरकोळ समजून ओलांडून जातात.

आणखी एक प्रकार चिडवणारा आहे. तीन विधाने देतात आणि बरोबर असतील तेवढी सारी निवडायला सांगतात. एक असेल, दोन असतील, तिन्हीही असतील. दोन बरोबर असताना एकच निवडले तर अर्धा गुण नाही, भोपळा! मात्र चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून कोणताही प्रश्न कोरा सोडू नये.

सांगलीच्या घरी वाट सापडली ती वडिलांमुळे. त्यांचे इंग्रजी बेताचे. एका संध्याकाळी मुलगी उतारा संपवून पर्यायांकडे वळणार, तोच त्यांनी सहज विचारले, "काय म्हणतोय गं तो?" ती सांगू लागली, "बाबा, ते एका चित्रकाराबद्दल आहे." "ते झालं विषयाचं. पण म्हणतोय काय?" मुलगी गप्प. तिने तीन मिनिटे खर्चून सगळे शब्द वाचले होते आणि लेखकाचे म्हणणे तिला एका वाक्यात सांगता येत नव्हते.

तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर दोन उतारे, असा परिपाठ पडला. उतारा वाचायचा, पुस्तक पालथे घालायचे आणि लेखकाचे म्हणणे मराठीत एका वाक्यात बाबांना सांगायचे. शब्दशः भाषांतर करायचे नाही, त्यात वेळ जातो. बाबांना पटले नाही तर पुन्हा वाचायचे. पर्याय त्यानंतर पाहायचे. पहिले पंधरा दिवस घड्याळ लावलेच नाही, हे विशेष. समज आल्याशिवाय वेग वाढवू गेले की चुकाच वेगाने होतात.

जोडीला तिने एक वही घातली. त्यात बरोबर उत्तरे लिहायची नाहीत. चुकीचा पर्याय आपल्याला का आवडला, तेवढे लिहायचे. 'शब्द ओळखीचे होते.' 'मला माहीत होते म्हणून.' 'परंतु पाहिले नाही.' महिनाभरात तिच्या लक्षात आले की तेच तीन-चार शेरे पुन्हा पुन्हा येत आहेत.

सरावासाठी परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेचे अधिकृत पुस्तक आणि तिच्या दोन मोफत संगणकीय सराव परीक्षा आधी संपवाव्यात. खासगी क्लासचे उतारे कधी उगाच कठीण, तर कधी त्यांची उत्तरेच वादग्रस्त असतात. त्याखेरीज रोज इंग्रजी दैनिकातला एक अग्रलेख वाचावा, तोही आपल्या नावडत्या विषयावरचा. परीक्षेत जीवशास्त्रही येते, इतिहासही येतो, कलासमीक्षाही येते.

पैसे भरण्यापूर्वी मात्र एक चौकशी अवश्य करावी. शुल्क वीस हजार रुपयांच्या वर आहे आणि 2020 नंतर अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांनी अनेक अभ्यासक्रमांसाठी ही परीक्षा ऐच्छिक केली आहे, काहींनी तर ती रद्दच केली आहे. ज्या विभागात जायचे आहे, त्याची अट आधी पाहावी. गुण पाच वर्षे ग्राह्य धरतात. पुन्हा बसायचे तर निदान 21 दिवस थांबावे लागते.

सांगलीच्या मुलीला दुसऱ्या सराव परीक्षेत 152 पडले. या वेळी आईने शेजारी जाण्याआधी विचारून घेतले, "म्हणजे किती गं?" "बावीस," मुलगी म्हणाली. तिला हव्या असलेल्या विभागाला ही परीक्षा लागते आणि खरी परीक्षा सहा आठवड्यांवर आहे. वडिलांनी चष्मा पुसून पुढचा उतारा पुढे सरकवला आहे. त्यांना त्यातले निम्मे शब्द कळत नाहीत. तरी मुलगी अडखळली की त्यांना बरोबर कळते.