तारीख हुकली... आता?

चतुर्थी महिन्यावर आली की बांद्यातल्या घराघरात एक प्रश्न हमखास येतो. "गो बाय, चवतीक तुझी अडचण येतली काय?" माटवी, मोदक, भजनं... सगळ्याच्या आधी मुलींच्या तारखांचं प्लॅनिंग! मग गोळ्या आणायच्या आणि पाळी पुढे ढकलायची. आपण ढकलली तर चालतं. ती स्वतःहून लांबली, की मात्र हातपाय गार!

माझ्या एका मैत्रिणीचं हेच झालं. पुण्यात नोकरी, नाइट शिफ्ट, वर डाएटचं खूळ. पाच दिवसांच्या गणपतीसाठी तिने गोळ्या घेतल्या. विसर्जनानंतर त्या थांबवल्या, तरी दहा दिवस पाळीचा पत्ता नाही. बॉयफ्रेंड असल्याने टेन्शन डबल. बांद्यात मेडिकलमध्ये किट मागायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत आईला खबर! बाईसाहेब स्कूटीवरून पत्रादेवीचा नाका ओलांडून थेट पेडण्याला.

टेस्ट निगेटिव्ह. मग पाळी गेली कुठे?

आधी हिशेब. दोन पाळ्यांमध्ये 21 ते 35 दिवसांचं अंतर नॉर्मल. चार-पाच दिवस मागेपुढे झाले तर घाबरायचं कारण नाही. पण संबंध आले असतील, तर पहिलं काम टेस्ट! सकाळच्या पहिल्या लघवीची. निगेटिव्ह आली आणि तरी पाळी नाही, तर आठवड्याने पुन्हा. पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, चक्कर येत असेल, तर तडक हॉस्पिटल गाठा.

प्रेग्नन्सी नसेल तर? ताणतणाव, झपाट्याने घटलेलं किंवा वाढलेलं वजन, अति व्यायाम, पीसीओएस, थायरॉइड, वाढलेलं प्रोलॅक्टिन, काही औषधं, इमर्जन्सी पिल... यादी मोठी आहे. लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. बहुतेक वेळा रक्ताच्या साध्या तपासण्या आणि सोनोग्राफीत कारण सापडतं.

आणि त्या गोळ्या? त्यांत बहुधा नोरएथिस्टेरॉन असतं. बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण पाळी ढकलण्यासाठी घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक नव्हे, हे अनेकींना माहीतच नसतं! रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेल्यांसाठी ती धोक्याचीही ठरू शकते. म्हणून शेजारणीच्या सल्ल्याने नको, डॉक्टरांना विचारूनच.

मैत्रिणीचं निदान निघालं थायरॉइड. ते ऐकून आई एवढंच म्हणाली, "माका सांगूक काय झाला तुका?" पेडण्याची फेरी मात्र अजून गुपित आहे.

पुढच्या चतुर्थीला तारीख नेमकी गणपतीतच येत होती. तिने घाबरतच गोळ्यांचा विषय काढला. आई मोदकाचं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "नको गो. गणपती काय रागावचो नाय."