ज्या संगणकावर आपला कारभार, त्यावर आपलाच अधिकार!

शिक्षक, लेखक, प्रकाशक, ग्रंथपाल आणि विद्यार्थी मित्रहो,

युनिकोड रुळण्यापूर्वी संगणकावर जुळवलेले एखादे मराठी पुस्तक आज उघडून पाहा. तेव्हाचा फॉन्ट हाताशी नसेल तर पडद्यावर मराठी दिसतच नाही. दिसतो तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ. प्रत्येक कंपनीने अक्षरांची मांडणी स्वतःपुरती ठरवली. मजकूर लेखकाचा, पैसा प्रकाशकाचा आणि किल्ली मात्र तिसऱ्याच्या खिशात! आजही या फायली कन्व्हर्टरमधून काढून जोडाक्षरे एकेक करून तपासावी लागतात. सॉफ्टवेअर आपण विकत घेतले, पण उद्या आपले लिखाण आपल्याला वाचता येईल, असे वचन कोणाकडूनही घेतले नाही.

असे वचन देता येते आणि पाळताही येते. डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केली. जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. उबुंटू तिच्यावर उभी आहे, आपल्या केंद्र सरकारच्या सी-डॅक या संस्थेची बॉस लिनक्सही. जुलै १९९७ मध्ये या समुदायाने आपला 'सामाजिक करार' जाहीर केला. त्याचा आशय असा :

१. डेबियन पूर्णपणे मुक्त राहील, म्हणजे तिचा कोड कोणालाही वाचता, बदलता, वाटता येईल.
२. आम्ही केलेल्या सुधारणा मुक्त सॉफ्टवेअरच्या समुदायाला परत देऊ.
३. दोष लपवणार नाही. दोषांची नोंद सर्वांना खुली राहील.
४. वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांचे हित आधी पाहू.
५. मुक्त नसलेले सॉफ्टवेअर कोणाला लागले तर मदत करू, पण ते डेबियनचा भाग मानणार नाही.

शब्द कागदावर सुंदर दिसतात; कस लागतो तो अडचणीत. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएल या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या एका बदलामुळे सुरक्षेच्या किल्ल्या ओळखता येण्याजोग्या बनत होत्या. मे २००८ मध्ये हे लक्षात येताच डेबियनने ते जगजाहीर केले आणि किल्ल्या बदलायला सांगितले. नाचक्की पत्करली, तिसरे कलम मोडले नाही. २०२२ मध्ये मुक्त नसलेले फर्मवेअर (संगणकाचे भाग चालवणारे सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्ये घ्यावे का, हा प्रश्न आला. वाद उघडपणे झाला, सभासदांनी मतदान केले आणि फर्मवेअर घेण्यासाठी पाचव्या कलमात बदल झाला. हा निर्णय कोणाला पटो न पटो, तो बंद दाराआड झाला नाही. तुमच्या कार्यालयातले सॉफ्टवेअर बदलताना तुम्हाला कोणी कधी विचारले आहे का?

"कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले की सपोर्ट मिळतो," असे सांगतात. मुक्त सॉफ्टवेअरचा सपोर्ट गावातल्या कोणत्याही जाणत्या तंत्रज्ञाकडून घेता येतो. बंद सॉफ्टवेअरचा फक्त मालक देईल तोच आणि देईल तोवरच. काही जण म्हणतात, "आमची कॉपी तर फुकटचीच आहे." चोरीच्या प्रतीने पैसे वाचतात, अधिकार मिळत नाही. कोड वाचण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क मालकाकडेच राहतो आणि मुलांना सवय लागते ती परावलंबनाची.

म्हणून आमच्या मागण्या :

• सरकारी कार्यालये, शाळा आणि सार्वजनिक वाचनालये यांची कागदपत्रे युनिकोडमध्ये व ओपन डॉक्युमेंट स्वरूपात ठेवावीत.
• जनतेच्या पैशातून बनलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड जनतेला खुला असावा.
• केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणानुसार खरेदीत ओपन सोर्सचा विचार व्हायलाच हवा आणि तो डावलल्यास कारण द्यायला हवे. हे कारण लोकांसमोर मांडावे.
• केरळच्या शाळांप्रमाणे महाराष्ट्र आणि गोव्यातल्या शाळांतही संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवावा.

नुसते मागून भागणार नाही, आपणही शब्द देऊ. नवे लिखाण युनिकोडमध्येच करू. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्ता' किंवा 'लोहित' यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट वापरू. मराठी भाषांतरात चूक दिसली तर कुरकुरत न बसता कळवू, जमेल तर दुरुस्त करू. आणि शिकलेले एक तरी काम शेजाऱ्याला मोफत शिकवू.

पुढच्या ग्रामसभेत, पालकसभेत, वाचनालयाच्या वार्षिक सभेत हा विषय मांडा. विचारा : आमच्या कागदपत्रांची किल्ली कोणाकडे आहे? उत्तर लेखी मागा.

हे पत्रक छापायला, बदलायला, वाटायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

— मुक्त सॉफ्टवेअरचे मराठी वापरकर्ते