टिपणे आपली, सोयी लोकांच्या

१/
इ. स. १६८६ मध्ये इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याने एका फ्रेंच नियतकालिकात टिपणवहीची आपली पद्धत प्रसिद्ध केली. वहीच्या आरंभी लहानशी सूची असावी आणि विषयशब्दाचे पहिले अक्षर व त्यानंतरचा पहिला स्वर एवढ्यावरून पान सापडावे, अशी ही योजना होती. अठराव्या शतकात लंडनमध्ये लॉकच्या पद्धतीने आखलेल्या कोऱ्या वह्या विकल्याही गेल्या. युक्ती एकाची, सोय सर्वांची झाली.

२/
आजच्या टिपणवहीत हे काम प्लगिन करते. शिदा ली आणि एरिका शू यांनी २०२० मध्ये आणलेल्या ऑब्सिडियन या अ‍ॅपसाठी वापरकर्त्यांनी दोन हजारांहून अधिक प्लगिन्स रचली आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांतली कोणती निवडावीत? कसोटी एकच असावी: प्लगिन उद्या बंद पडले, तरी टिपण बोलते राहील का?

३/
वापरणाऱ्यांनीच साधन वाढवण्याची ही परंपरा जुनी आहे. १९७६ मध्ये एमआयटीच्या प्रयोगशाळेत ईमॅक्स हा संपादक घडला, तो अनेकांनी आपापल्या सोयीसाठी लिहिलेल्या आज्ञांच्या संचांना एकत्र आणूनच. पुढे २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने त्यावर ऑर्ग-मोड रचले. टिपणे साध्या मजकुरात ठेवायची आणि रचनेचे काम त्यावरच्या जोडणीने करायचे, हा विचार तेथे स्पष्ट दिसतो.

४/
ऑब्सिडियनच्या मूळ अ‍ॅपचा कोड खुला नाही. पण टिपणे वापरणाऱ्याच्याच संगणकावर, मार्कडाउन या साध्या मजकुराच्या फाइलींत राहतात. प्लगिन्स मात्र बहुधा एकदोन माणसे फावल्या वेळात सांभाळतात. नोकरी बदलली, घरची जबाबदारी वाढली, की काम थांबते. त्यात कोणाचा दोष नाही. परंतु संशोधकाचे टिपण वीस-तीस वर्षांनीही उघडावे लागते. दोघांचे आयुष्यमान सारखे नाही, हे आधीच ओळखलेले बरे.

५/
या कसोटीवर पहिला मान ‘झोटेरो इंटिग्रेशन’चा. झोटेरो हे संदर्भसाधन मुळात इतिहासकारांच्याच घरचे: अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने ते २००६ मध्ये आणले. ग्रंथाच्या पीडीएफवर खुणावलेली वाक्ये हे प्लगिन पृष्ठांकासह टिपणात उतरवते. एकदा उतरलेला मजकूर साधा मजकूर असतो; प्लगिन गेले तरी अवतरण आणि पृष्ठांक जागेवरच राहतात.

६/
दुसरे ‘टेम्प्लेटर’. नवे टिपण उघडताच ठरलेला साचा तयार मिळतो: दप्तराचे नाव, रुमालाचा क्रमांक, लिपी, कागद स्वतः पाहिला की छापील प्रतीवरून घेतला. मोहात पडून अर्धवट नोंद करण्याची सवय यामुळे मोडते. साचा भरला की प्लगिनचे काम संपले. मागे उरतो तो निव्वळ मजकूर.

७/
सर्वांत लोकप्रिय प्लगिन्सपैकी एक म्हणजे ‘डेटाव्ह्यू’. शेकडो टिपणांतून ‘१६७० ते १६८० मधील सुरतेची सर्व पत्रे’ असा तक्ता ते क्षणात मांडते. मात्र तो तक्ता फाइलीत लिहिला जात नाही. फाइलीत असतो फक्त प्रश्न. प्लगिन बंद केले की उत्तर नाहीसे होते. म्हणून डेटाव्ह्यू शोधासाठी उत्तम, साठवणीसाठी नव्हे.

८/
याचा प्रत्यय २०२५ मध्ये आला. ऑब्सिडियनने ‘बेसेस’ ही तक्त्यांची सोय मूळ अ‍ॅपमध्येच दिली. ज्यांनी माहिती टिपणाच्या माथ्यावरील प्रमाणित रकान्यांत भरली होती, त्यांना ती तशीच वापरता आली. ज्यांनी ती डेटाव्ह्यूच्या खास खुणेने मजकुरात विखुरली होती, त्यांच्या त्या नोंदी बेसेसला वाचताच येत नाहीत. साधन तेच, परिश्रमही तेवढेच. फरक पडला तो मांडणीने.

९/
इतिहासात याहून मोठा धोका तारखांचा. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख इंग्रजांच्या जुन्या, ज्युलियन गणनेतील आहे. पोर्तुगीजांच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १६ जून. आपल्या पंचांगाने शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १३. समजा, गोव्यातील एका पत्रावर १२ जून आहे. तक्ता ते पत्र सोहळ्यानंतर लावील. वस्तुतः ते चार दिवस आधीचे. प्लगिनला अंक कळतात, पंचांग कळत नाही.

१०/
उपाय सोपा आहे. कागदावरील तारीख जशीच्या तशी एका रकान्यात, तिची गणना दुसऱ्यात आणि क्रमासाठी रूपांतरित तारीख तिसऱ्यात लिहावी. मग तक्ता कोणत्याही प्लगिनने मांडा. चूक कुठे झाली ते तपासता येते. निर्णय टिपणात नोंदला पाहिजे, केवळ क्रमवारीत लपता कामा नये.

११/
‘एक्सकॅलिड्रॉ’ची मोहिनीही मोठी. वंशावळी, गडांचे आराखडे, मोहिमांचे मार्ग हाताने काढल्यासारखे रेखाटता येतात. पण रेखाटनाची माहिती फाइलीत सहसा दाबून साठवलेली असते; साध्या संपादकात ती निरर्थक अक्षरांची रांग दिसते. चित्राची वेगळी प्रत आपोआप काढण्याची सोय त्यातच आहे. ती चालू ठेवली, तर हे प्लगिनही कसोटीस उतरते.

१२/
काही जण म्हणतात, प्लगिन्स नकोतच. टिपण शुद्ध असावे. हा आग्रह टिकत नाही. लॉकची सूची हीदेखील वहीला दिलेली जोडच होती. तिचे मोल एवढ्यासाठी, की सूचीचे पान फाटले तरी आतली टिपणे वाचता येत होती.

१३/
ऑब्सिडियनमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ नावाचा पर्याय आहे. तो चालू करताच लोकांनी रचलेली सारी प्लगिन्स एकदम थांबतात. सहा महिन्यांतून एकदा तो चालू करावा आणि जुने एखादे टिपण वाचून पाहावे. कागद कुठला, पान कोणते, तारीख कोणत्या गणनेतली, हे तिथल्या तिथे कळले तर संग्रह सुरक्षित आहे. कळले नाही, तर दुरुस्ती त्याच दिवशी करावी. साधने सांभाळणारे आज आहेत, तोवरच ती सोपी असते.