शाळा हायवेवरून दिसण्यासाठी नसते

आपल्याकडे शाळा बांधायची ठरली की सगळ्यात आधी काय ठरतं? मजले. वर्ग किती, शिक्षक किती, मुली कुठून येणार, हे सगळं नंतर. आधी पाच मजले की सात, समोर काच की चकचकीत पत्रा, आणि संस्थेचं नाव हायवेवरून वाचता येईल का. मग जलशात पडद्यावर थ्रीडी चित्र येतं. चित्रात कारंजं असतं, हिरवळ असते, फिरणारी माणसं असतात (बहुतेक गोरी). टाळ्या पडतात, चंदा गोळा होतो.

माझा विरोध या चित्राला आहे. तालीम मोठी हवी, याबद्दल वाद नाही. पण इमारत मोठी झाली की तालीम मोठी होते, हा समज आपल्या ट्रस्टींनी कुठून आणला ते मला कळलेलं नाही.

सहा वर्षांच्या मुलीच्या मापानं विचार करा. साधारण २० ते २५ मीटरच्या पलीकडे समोरच्याचा चेहरा नीट ओळखू येत नाही. पाचव्या मजल्यावरून खालच्या मैदानाशी काही नातं राहत नाही. हाक मारली तर पोचत नाही, खाली पडून रडणारं मूल कुणाचं ते दिसत नाही. मधली सुट्टी जिने उतरण्या-चढण्यात जाते. लिफ्ट असते, पण ती पाहुण्यांसाठी. ज्या मुलाच्या पायात जोर नाही त्याचा वर्ग कुठं, हे नकाशा काढताना कुणी विचारलेलं नसतं. एकाच दारातून शेकडो मुलं आत-बाहेर करतात तिथं शिक्षकाला मूल ओळखू येत नाही. मग कॅमेरे बसवतात. आणि मालेगावसारख्या गावात, जिथं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, तिथं पश्चिमेला काच लावायची आणि आत पंखे फिरवायचे, याला काय म्हणायचं?

कुणी म्हणेल, ही पाश्चात्त्य खुळं आहेत. मग बीदरला जाऊन या. उदगीरपासून लांब नाही. महमूद गवानचा मदरसा १४७२ साली पूर्ण झाला. तीन मजले. मधे मोठा चौक, चारी बाजूंनी विद्यार्थ्यांच्या आणि उस्तादांच्या खोल्या, शिकवण्याचे दिवाणखाने, मशीद, ग्रंथालय. सतराव्या शतकाच्या शेवटी दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचा बराच भाग उडाला, तरी उरलेल्या भागात उभं राहिलं की कळतं: खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की चौक, आणि चौकात सगळे एकमेकांना दिसतात. गवानला दिखावा नको होता असं नाही. मिनार आहे, निळ्या फरशा आहेत. पण तो सगळा थाट दर्शनी भिंतीवर ठेवला आणि आतली खोली माणसाच्या मापाची ठेवली. आपण आज नेमकं उलटं करतो.

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी बंगळूरचं आयआयएम उभारताना फतेहपूर सिक्रीपासून शिकले. चौक, सावलीतल्या लांब वाटा, थांबून दोन शब्द बोलायच्या जागा. आपल्या वारशातून दोशी शिकतात, आणि आपले ट्रस्टी दुबईच्या मॉलचे फोटो पुढे करतात.

आणखी दोन उदाहरणं सांगतो. बुर्किना फासोतल्या गांडो गावात दिएबेदो फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये गावकऱ्यांच्या हातांनी प्राथमिक शाळा बांधली. थोडं सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटा, आणि छतापासून उचलून धरलेला पत्रा, म्हणजे गरम हवा मधून निघून जाते. बांगलादेशात दिनाजपूर जिल्ह्यातल्या रुद्रपूरला आना हेरिंगर आणि आइके रोसवाग यांची शाळा आहे. खाली जाड मातीच्या भिंती, वर बांबू. वर्गाला लागून गुहेसारखे कोनाडे, ज्यात मुलं अंग दुमडून बसतात. दोन्ही शाळांना स्थापत्याचा आगा खान पुरस्कार मिळाला, २००४ आणि २००७ मध्ये. हे फोटो मी एका संस्थेच्या बैठकीत दाखवले तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "बेटा, झोपड्या काय दाखवतोस?" केरे यांना २०२२ मध्ये प्रित्झकर मिळालं. पण त्या बैठकीत तेही पुरलं नसतं.

जमिनीचा आक्षेप मात्र खरा आहे. मुंब्र्यात, भिवंडीत जागा कुठं आहे? मान्य. तिथं एका मजल्याची शाळा मागणं हा मूर्खपणा होईल. पण क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ च्या पुस्तकात चार मजल्यांची मर्यादा सांगितली, ती दाट शहरं डोळ्यांपुढे ठेवूनच. चार मजल्यांतही लहान मुलं खाली ठेवता येतात, मधे उजेडाचा चौक सोडता येतो, एका मोठ्या दाराऐवजी दोन-तीन लहान दारं करता येतात, गच्चीला कुलूप न लावता ती वापरता येते. याच अलेक्झांडर यांनी जपानमध्ये टोकियोजवळ एइशिन शाळेचा परिसर उभारला. १९८५ मध्ये तो सुरू झाला. आधी शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना विचारलं, कशी शाळा हवी. मग प्रत्यक्ष जमिनीवर झेंडे रोवून, फिरून पाहून, कोणती इमारत कुठं ते ठरवलं. झेंड्यांना किती खर्च येतो?

तुमच्यातले बरेच जण हिंजवडी-ऐरोलीच्या कॅम्पसमध्ये नोकरी करता, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. हजारो माणसांची इमारत, आणि जोहरच्या नमाजसाठी जिन्याखालची जागा शोधायची. चहावाला गेटबाहेर, तिथवर जाऊन यायला पंधरा मिनिटं. नेदरलँड्समध्ये हर्मन हर्ट्झबर्गर यांनी १९७२ मध्येच सुमारे हजार माणसांचं ऑफिस लहान लहान चौकोनांत तोडून दाखवलं होतं, प्रत्येकात मोजकी माणसं. म्हणजे हे जमत नाही असं नाही, कुणी मागत नाही.

शाळेच्या बाबतीत मागण्याचा हक्क आपल्याकडे आहे, कारण पैसा आपला आहे. लोक सदका-ए-जारिया म्हणून देतात, पोटाला चिमटा काढून देतात. कोनशिलेवर नाव कोरलं जातं ते मोठ्या रकमेवाल्याचं. शिक्षकाच्या पगाराला कोनशिला नसते, म्हणून सातवा मजला उभा राहतो आणि विज्ञानाचा शिक्षक तासावर येतो.

तेव्हा पुढच्या जलशात चित्र पडद्यावर आलं की उभे राहा. पहिलीचा वर्ग कितव्या मजल्यावर, मुलींचं स्वच्छतागृह वर्गापासून किती पावलांवर, सावलीत बसायला जागा कुठं, आणि नकाशा काढण्याआधी कोणत्या शिक्षिकेला विचारलं, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत पावती फाडू नका. बुजुर्ग रागावतील. माझ्यावर रागावले होते, पण त्या नकाशातला तळमजल्याचा हॉल आता बालवाडीला मिळतोय.